मिठातून काढायची वेळ

बाबा,

तुमच्या नातीची विज्ञानाची वही माझ्यासमोर उघडी पडलीय आणि तिच्यावर मला सही करायचीय. रविवारची दुपार आहे. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत आत्ताच पाण्याचा टँकर येऊन गेलाय, खाली वॉचमन पाइप गुंडाळतोय, आणि मी पेन हातात धरून अर्धा तास नुसती बसलेय. सही करायला काय लागतं हो? ऑफिसात दिवसभर दुसरं काय करते मी? पण या वहीच्या पहिल्याच पानावर, झाडांमध्ये पाणी कसं फिरतं या प्रकल्पाच्या मथळ्याखाली, पोरीने आपल्या गोल गोल इंग्रजी अक्षरात लिहून ठेवलंय की हा प्रकल्प माझ्या आजोबांना अर्पण, ते पुण्याच्या एका कॉलेजात बॉटनीचे प्रोफेसर होते. खाली पालकांच्या सहीची रेघ. वही उद्या सकाळी शाळेत द्यायची आहे.

तिने हे कुठून काढलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला आठवतात ते तुमचे पांढरे केस आणि गॅलरीतले रंगाचे डबे, ज्यात तुम्ही झाडं लावायचात. बाकी सगळं माझ्याकडून गेलंय. आणि मी इतकी वर्षं सगळीकडे, ऑफिसात, सोसायटीत, तिच्या शाळेतल्या आयांमध्ये, एकच वाक्य म्हणत आले, "माझे वडील कॉलेजात होते, बॉटनीत." पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. कुणी "अरे वा, प्रोफेसर!" म्हणालं की मी हसायचे. हो म्हणायचे नाही, नाहीही म्हणायचे नाही. म्हणजे खोटं मी एकदाही बोललेले नाही, बघा. आहे की नाही हुशार तुमची मुलगी? आई असती तर तिने पोरीला खरं काय ते कधीच सांगून टाकलं असतं. ती जाऊनही आता तीन वर्षं झाली.

तुम्ही बॉटनीच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतात. सगळी नोकरी त्या एकाच खोलीत गेली. काचा धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बागेतून पानं तोडून आणायची, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरापोरींच्या टेबलांवर ट्रे फिरवायचे. कॉलेजभर तुम्हाला मामा म्हणायचे. आपल्या पुण्यात शिपाई असो, अटेंडंट असो, कँटीनवाला असो, सगळे मामाच, आणि बाई असली की मावशी. नाव विचारायची गरजच कुणाला पडत नाही. त्यात अपमान नसतो म्हणतात, उलट जिव्हाळा असतो. असेलही. पण प्रोफेसरला कुणी कधी मामा म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि तरी अवघड सेक्शन कापायचं असलं की सगळे प्रोफेसर तुमच्याकडेच यायचे. "मामा, जरा हात लावा." मग तुम्ही तुमचा वस्तरा काढायचात, तो लाकडी डबीतला, स्वतःच्या खर्चाने घेतलेला. गाजराच्या तुकड्यात देठ खोचून असं पातळ कापायचात की काचेवर ठेवलं तर दिसायचं नाही, फक्त ओलं वाटायचं. दहावीनंतर तुम्हाला शिकायला मिळालं नाही. जे शिकलात ते वर्गाच्या दाराशी ट्रे घेऊन उभं राहून. त्या दाराशी तुम्ही इतक्या वर्षांचे इतके तास ऐकलेत की मला वाटतं त्या कॉलेजात तुमच्याइतक्या वेळा तो विषय कुणीच शिकलं नसेल.

आपलं खडकीचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातलं आईचं स्वयंपाकघर. मी सातवी-आठवीत आहे. तुम्ही संध्याकाळी सायकल भिंतीला लावता, हातपाय धुता, आणि खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान काढता. वरून हिरवं, खालून जांभळं. "ऱ्हिओ," तुम्ही म्हणता, जसं कुणी पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. ते तिरकं फाडता आणि खालची जांभळी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी अलगद सुटून येते. कॉलेजाने भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक तुम्ही रीतसर अर्ज करून घरी आणला होता, त्याचा एक पाय डगमगायचा म्हणून खाली आईच्या पोळपाटाखालचं फडकं असायचं. "बघ," तुम्ही म्हणता. मी डोळा लावते. जांभळ्या फरशा शेजारी शेजारी, गच्च भरलेल्या. मग तुम्ही काचेच्या कडेला मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडता. आणि त्या प्रत्येक फरशीतला जांभळा रंग हळूहळू आक्रसायला लागतो, भिंतीपासून सुटतो, मधोमध गोळा होऊन बसतो.

"काय झालं तिला?" मी विचारते.

"रुसली," तुम्ही म्हणता. "बाहेर मीठ जास्त झालं, आतलं पाणी निघून गेलं. आता ती कोपऱ्यात तोंड फिरवून बसलीय. थांब, मनवू." फडक्याने खारं पाणी टिपून घेता, साधं पाणी सोडता, आणि बघता बघता रंग पुन्हा पसरतो, भिंतीला जाऊन टेकतो. मी टाळ्या वाजवते. पुस्तकात याला भलंमोठं नाव होतं, ते मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरले. रुसली आणि मानली, हे दोन शब्द तेवढे राहिले. तुम्ही एक गोष्ट मात्र दर वेळी बजावायचात, आणि तेव्हा तुमचा आवाज बदलायचा. "मिठात ठेवायचं ते घड्याळ बघून. फार वेळ राहिली की मरते. मग वर कितीही पाणी ओता, नाही मानत."

एकदा बटाटा पोखरून, त्यात साखरेचं पाणी घालून, तुम्ही तो ताटलीतल्या पाण्यात उभा केला आणि आतल्या पातळीपाशी टाचणी खोचली. आई पोळ्या लाटत होती. "अहो, भाजीला दोनच बटाटे होते!" "एक आहे ना अजून," तुम्ही शांतपणे म्हणालात. जेवणं होईपर्यंत आतलं पाणी टाचणीच्या वर चढलं होतं. कुणी ओतलं नाही, कुणी ढकललं नाही, आपलं आपण चढलं. तुम्ही त्या बटाट्याकडे इतक्या कौतुकाने बघत होतात की आई म्हणाली, "पोरीकडे तरी कधी असं बघितलंत का?" तुम्ही म्हणालात, "पोरगीही चढेल." आम्ही किती हसलो होतो त्या दिवशी.

पाण्याच्या बाबतीत तुम्ही हळवे होतात, हे मला फार उशिरा कळलं. दारात कुणीही येवो, पोस्टमन, गॅसवाला, वर्गणीवाली पोरं, आधी तांब्या-भांडं पुढे. मी एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाला "पाणी हवंय का?" असं विचारलं तर तुम्ही आतून ओरडलात, "विचारत काय बसलीस? दे आधी!" तुमच्याकडून मला एवढा एकच ओरडा मिळाल्याचं आठवतं. माझं तोंड उतरलेलं बघून मग आईने सांगितलं की आजोबा गावी होते तेव्हा त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, तेही ओतणाऱ्याच्या मनात आलं तर. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, गाव सोडलं, खडकीच्या फॅक्टरीत लागले, आणि पहिल्या पगारात पितळेचा तांब्या आणला. तोच तांब्या तुम्ही दारात न्यायचात. तो आता माझ्याकडे शोकेसमध्ये आहे. आमच्याकडे आलेल्यांना मी बाटली देते.

मला बारावीला चांगले मार्क पडले आणि मी तुमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. तुम्हाला काय आनंद झाला होता! पहिलं वर्ष आमची प्रॅक्टिकलं दुसऱ्या इमारतीत असायची, त्यामुळे तिथे आपली गाठ पडली नाही. मी बसने यायचे, तुम्ही सायकलने. ते दिवसच वेगळे होते. जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानांत कीबोर्ड लटकायला लागले होते, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर जो तो कुणाचा तरी भाऊ अमेरिकेला गेल्याचं सांगत होता. माझ्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या. एकीचे वडील डॉक्टर, दुसरीचा भाऊ अमेरिकेत कॉम्प्युटरवाला. "तुझे बाबा काय करतात गं?" "कॉलेजात असतात." पहिल्यांदा म्हटलं ते तेव्हाच.

दुसऱ्या वर्षी बॉटनीचं पहिलं प्रॅक्टिकल. आदल्या दिवशी तुम्ही शर्टाला स्वतः इस्त्री केलीत. सकाळी चहा पिताना म्हणालात, "सरांना मी अजून काही बोललेलो नाही. उद्या तू समोर आलीस की तुझी ओळख करून देतो, असं मनाशी ठरवलं होतं. तो उद्या आज आलाय." आणि स्वतःच्याच विनोदावर हसलात. लवकर जाऊन बागेतली ताजी पानं तोडून ठेवणार होतात, म्हणून माझ्याआधी तासभर निघालात. सायकलच्या कॅरिअरला डबा लावताना मागे वळून म्हणालात, "तिसरं टेबल घे. खिडकीपाशी उजेड चांगला आहे."

मी तिसरं टेबल घेतलं. शेजारी त्या दोघी. सर ट्रेपाशी उभे, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचा चेहरा आत्ता, या क्षणी, माझ्यासमोर आहे. तुम्ही सरांना म्हणालात, "सर, ही—"

आणि मी म्हणाले, "मामा, मला स्लाइड नाही मिळाली."

जीभ घसरली, बाबा. सगळे मामा मामा म्हणत होते, कानांवर तेच होतं. ओठ मिटले होते ते बाबा म्हणायलाच, उघडले तेव्हा मामा निघालं. एका अक्षराचा तर फरक. असं होतं माणसाचं.

सर म्हणाले, "हं, ही काय?" आणि तुम्ही, एक श्वास जाईल इतकंच थांबून, म्हणालात, "ही साल बघा सर, काय मस्त सुटलीय आज." मग ट्रे घेऊन माझ्या टेबलापाशी आलात, एक स्लाइड माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "घ्या, ताई." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. जसं बाकीच्या पोरींना म्हणत होतात, अगदी तसंच. तुम्ही पुढच्या टेबलाकडे गेलात. मी मिठाचा थेंब सोडला, डोळा लावला, आणि मला काहीही दिसेना. डॉक्टरची मुलगी म्हणाली, "अगं, फोकस कर ना." सालीचा रंग आक्रसून गेला होता, तो मी वेळेत धुतलाच नाही. त्या दिवशीची माझी स्लाइड मेली.

संध्याकाळी मी घरी आले. तुम्ही नेहमीसारखे हातपाय धुऊन बसला होतात. आईने विचारलं, "काय, झालं का लेकीचं प्रॅक्टिकल?" तुम्ही म्हणालात, "झालं. तिसऱ्या टेबलावरच्या पोरीचा हात हलका आहे." आणि जेवायला बसलात. बस्स. ओरडला असतात, दोन थोबाडीत दिल्या असत्यात, निदान आईला सांगितलं असतंत तर मी रडले असते, पाया पडले असते, संपलं असतं सगळं. तुम्ही आमटी मागून घेतलीत. त्या दिवसानंतर तुमच्या खिशातून ओल्या फडक्यातलं पान पुन्हा कधी निघालं नाही. सूक्ष्मदर्शक माळ्यावर गेला. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "आता तिला कॉलेजात चांगले मिळतात." घरात माझ्याशी नीट बोलायचात, हवं नको बघायचात, आजारी पडले की उशाशी बसायचात. पण कॉलेजात पुढची दोन वर्षं मी ताई होते आणि तुम्ही मामा. जिन्यात एकटे समोर आलो तरी तुम्ही बाजूला होऊन वाट द्यायचात. मी रोज ठरवायचे, आज बोलेन. रोज.

आणि बोलायचं राहिलं बाजूला, मी वर आणखी मीठच घातलं. शेवटच्या वर्षी त्या डॉक्टरच्या मुलीने तुमच्या खिशावरची पट्टी वाचली. "ए, मामांचं आणि तुझं आडनाव एकच आहे की गं." मी म्हणाले, "पुण्यात या आडनावाच्या माणसांना काय तोटा आहे?" ती हसली. तुम्ही पाठमोरे, बेसिनपाशी काचा धूत होतात. नळ चालू होता. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. मग तुम्ही नळ बंद केलात, आणि तरी काही वेळ तिथेच उभे होतात.

मी बॉटनी सोडली. कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि दोन हजार साल उजाडताना सगळ्या जगाची यंत्रं बंद पडणार म्हणून जी भरती निघाली तीत मलाही नोकरी लागली. यंत्रं काही बंद पडली नाहीत, नोकरी टिकली. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कॉलेजाने निरोपसमारंभ ठेवला, घरच्यांना बोलावलं. मी सांगितलं की प्रोजेक्टचा रिलीज आहे. होताही. पण तीन तासांची सुट्टी मिळाली असती, मी मागितलीच नाही. आई एकटी गेली. संध्याकाळी तुम्ही हार काढून खुंटीला अडकवलात आणि ती वस्तऱ्याची लाकडी डबी माझ्या हातात ठेवलीत. "तुझा हात हलका आहे. गंज चढू देऊ नकोस." मला वाटलं, आता. आता म्हणावं. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि मी तो घेतला.

मग तुमच्या किडन्या गेल्या. दिवसाआड नव्हे, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहिल्या दिवशी तुम्ही त्या टेक्निशियनला उलटसुलट प्रश्न विचारून हैराण केलंत. आत पडदा कसला, त्याची भोकं केवढी, पलीकडच्या पाण्यात मीठ किती. त्याने सगळं समजावून सांगितल्यावर तुम्ही मान डोलावलीत. "म्हणजे बटाट्याचाच प्रयोग की. फक्त या वेळी बटाटा मी आहे." तो पोरगा खो खो हसला. मी बाहेर जाऊन रडले.

डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसाला एक बाटली, त्यातच चहा, त्यातच आमटी. तुम्हाला वाघोलीला आणलं होतं मी, आणि बाटली माझ्या ताब्यात होती. घोटभर जास्त मागितलंत की मी नाही म्हणायचे. ज्या माणसाने दारातल्या परक्याला कधी विचारलं नाही, आधी दिलं, त्याला मी म्हणायचे, "बाबा, संपलं आजचं." तुम्ही कधी वाद घातला नाहीत. जिकडे मीठ तिकडे पाणी धावतं, अंगात साठलं की छातीवर येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. दुपारी गॅलरीत जाऊन रंगाच्या डब्यांतल्या झाडांना पाणी घालायचात, अगदी सावकाश, आणि माती ते पिताना बघत बसायचात. माती भिजून काळी पडली की तुमचा घसा हलायचा. मी काचेच्या दारामागून बघायचे. जवळ येऊन बसायचे नाही, काम असायचं ना.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात होतात. रक्तात सगळी घाण साचली होती, तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला कळत नव्हतं. टळटळीत दुपार होती. तुम्ही उशीवरून खाली घसरला होतात, श्वासाला त्रास होत होता. वॉर्डमधला माणूस दारावरून जाताना दिसला म्हणून मी हाक मारली, "मामा, जरा इकडे येता का?"

आणि तुम्ही, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, तुम्ही कोपरावर उठायला लागलात. "आलो ताई," म्हणालात. "आलो, आलो."

मी तुमचा खांदा धरला. "बाबा, मी आहे. झोपा तुम्ही. बाबा." किती वर्षांनी मी तो शब्द इतक्या मोठ्याने म्हणत होते, चार लोकांसमोर, वॉर्डभर ऐकू जाईल असा. तुमच्या कानात तो शिरलाच नाही. सुईने काळानिळा झालेला तुमचा हात चादरीवर ट्रे शोधत होता. "तिसऱ्या टेबलाला द्यायचीय," म्हणालात. मग चेहरा एकदम गंभीर झाला, तो बजावण्याचा आवाज आला. "मिठातून काढा ताई आता. वेळ झाला. मग नाही मानत ती."

तुम्ही भ्रमात होतात, डॉक्टरही तेच म्हणाले. असेल. पण तुमचं तिरकस बोलणं मला ठाऊक आहे, बाबा, बटाटा मी आहे म्हणणारे तुम्ही. तुम्ही कुणाला सांगत होतात? ताईला की मला? मी चमचाभर पाणी तुमच्या ओठांना लावलं. अर्धं आत गेलं, अर्धं उशीवर. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. दोन दिवसांनी गेलात.

हे इथवर लिहिलं आणि पोरगी आली. हातात ऱ्हिओचं पान. सोसायटीच्या बागेत त्याची रांगच्या रांग लावलीय, शोभेसाठी, कुणाला त्याचं नावही माहीत नाही. "आई, ही साल निघतच नाहीये. व्हिडिओत तर इझिली निघते." मी पान घेतलं, तिरकं फाडलं. सुटली. इतक्या वर्षांनी पहिल्या फटक्यात सुटली. ती बघतच राहिली. "तुला कसं येतं?"

"आजोबांनी शिकवलं."

"कॉलेजमध्ये? म्हणजे तू त्यांची स्टुडंट होतीस? सो कूल! मग वर्गात तू त्यांना बाबा म्हणायचीस का सर?"

वही उघडीच होती, पेन तसंच. मला नुसतं हसता आलं असतं. त्यात मी तरबेज आहे.

"मामा म्हणायचे," मी म्हणाले. "सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते प्रोफेसर नव्हते गं. लॅबमध्ये अटेंडंट होते. काचा धुवायचे. आणि ही साल अख्ख्या कॉलेजात त्यांच्यासारखी कुणाला काढता यायची नाही."

तिने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सगळे म्हणायचे ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण ते तर तुझे बाबा होते ना?"

मी पेन तिच्यापुढे केलं. तिने वही ओढून घेतली, प्रोफेसर या शब्दावर एक रेघ मारली आणि वर दुसरा शब्द लिहिला. "स्पेलिंग बरोबर आहे?" तिने विचारलं. बरोबर होतं. मी सही केली. आता ती आत स्लाइडवर मीठ सोडून बसलीय आणि दर मिनिटाला ओरडून विचारतेय, "काढू का? आई, आता काढू का?"

हे पत्र कुठे टाकणार? वस्तऱ्याच्या डबीत घडी करून ठेवीन. गंज चढू दिलेला नाही मी, तेवढं एक ऐकलंय तुमचं. फक्त वर एके ठिकाणी लिहिलंय की माझी जीभ घसरली. इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलेय, म्हणून हातातून तेच उतरलं. ते खरं नाही, बाबा. त्या दिवशी लॅबचा जिना चढताना त्या दोघी पुढे होत्या, मी मागे होते, आणि तुम्ही ओळख करून द्यायला लागलात तर काय म्हणायचं ते मी जिन्यातच ठरवलं होतं.